बुंदीच्या ताटलीतलं नत्र

कुंदाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी सुरतेला निघाल्या तेव्हा त्यांनी घराची किल्ली समोरच्या दिपमालाकाकूंकडे दिली, तुळशीला पाणी घालण्याचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं आणि मांजर वरच्या खोलीतल्या भाडेकरूच्या हवाली केलं. किल्ली आणि तुळस यांच्याबद्दल त्या एकेकच वाक्य बोलल्या. मांजराबद्दल पाऊण तास बोलल्या.

"सकाळी सातला पाव लिटर दूध, त्यात एक पोळी कुस्करून. संध्याकाळी सातला पुन्हा तेच. पोळी शिळी नको. रोजच्या पंचवीस रुपयांच्या हिशोबाने पैसे ठेवून जाते, त्यात भागव. आणि योगराज, आमची बुंदी माळकरी आहे हो. चार वर्षांत दूध-पोळीशिवाय तिने कशाला तोंड लावलेलं नाही. आपल्या घराचं तुला माहीतच आहे."

योगराजला माहीत होतं. भाडेकराराचं सातवं कलम त्याला तोंडपाठ होतं : 'सदर जागेत मांस, मच्छी व अंडी आणणार नाही, शिजवणार नाही व खाणार नाही.' जळगावच्या मेहरूण भागात खोली शोधताना अकरा घरांनी त्याला आडनाव, गाव आणि जेवणात काय चालतं, याच क्रमाने विचारून परत पाठवलं होतं. बाराव्या घरी कुंदाबाईंनी पहिले दोन प्रश्न गाळून थेट तिसरा विचारला. त्या आनंदात त्याने अशी दहा कलमं असती तरी सही केली असती. घरी सोनगीरला गेलं की आईच्या हातचे बोंबील खायचे आणि जळगावात वरण-भात, अशी त्याने आपल्या जिभेची तालुकावार विभागणी करून टाकली होती.

बायको घरी नाही म्हटल्यावर कुंदाबाईंचे यजमान रतिलालभाऊ हेही मुक्ताईनगरकडच्या आपल्या गावी, केळीच्या शेतावर राहायला गेले. जाताना बुंदीच्या डोक्यावरून हात फिरवून "सांभाळ रे हिला" एवढंच म्हणाले. पण दोनदा म्हणाले.

योगराज रसायनशास्त्रात एम.एस्सी. होता आणि माती तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरीला होता. शेतकऱ्यांनी पिशवीत भरून आणलेल्या मातीत नत्र म्हणजे नायट्रोजन किती, स्फुरद किती, पालाश किती, हे दिवसभर मोजायचं. या कामाने त्याला अशी सवय लागली होती की मोजल्याशिवाय त्याचा कशावरही विश्वास बसत नसे. तेव्हा मांजराचा ताबा मिळाल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली, तर बुंदीला भाजीच्या पिशवीत घालून ताणकाट्याला टांगलं. तीन किलो चारशे ग्रॅम. वहीत तारीख, वार, वेळ आणि शेरा : 'नमुना हलत असल्याने पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे.'

आठ दिवसांनी तीन किलो दोनशे. पंधरा दिवसांनी तीन किलो पन्नास.

दूध तेच, पोळी तीच, वेळ सातच्या ठोक्याची. तरी मांजर उतरत होतं. अंगावरचे पिवळे ठिपके, ज्यांच्यामुळे तिला बुंदी हे नाव मिळालं होतं, ते आता जवळजवळ आल्यासारखे दिसत होते.

"आठवण काढत असेल कुंदाची," दिपमालाकाकू म्हणाल्या. त्यांच्याकडे प्रत्येक आजारावर एक खाद्यपदार्थ होता. "कळण्याची भाकरी दे. आमचे हे टायफॉइडमधून उठले ते कळण्याच्या भाकरीवर. नाही तर डिंकाचा लाडू."

योगराजने शास्त्रीय वृत्तीने ज्वारी-उडदाच्या पिठाची ती कळण्याची भाकरी देऊन पाहिली. बुंदीने भाकरीकडे पाहिलं, मग योगराजकडे पाहिलं, आणि भाकरीवर माती ओढल्याचा अभिनय केला. मांजरं असं कशावर करतात हे सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी योगराज काकूंशी थोडं कमी बोलला.

आईचा फोन आला तेव्हा त्याने तिला वजनांचा तक्ता वाचून दाखवला. सोनगीरहून रुक्माबाई म्हणाल्या, "तुले इतलं शिकाडं ते मांजर मोजाकरता का रे भाऊ? बोंबीलना तुकडा टाक तिनापुढे. बठ्ठं ठीक व्हई जाई."

"आई, इथे चालत नाही."

"मांजरले चालस ना?"

हा प्रश्न योगराजला एकदम मूलभूत वाटला.

शनिवारी तो बुंदीला केळीच्या क्रेटमध्ये घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेला. नोंदणीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी छापील फॉर्म पुढे ओढला. त्यात गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी आणि इतर असे रकाने होते. त्यांनी 'इतर'वर खूण केली आणि पेन थांबवलं.

"वेत कितवं?"

"मांजर आहे साहेब."

"ते लिहिलं ना इतरमध्ये. वेत कितवं? दूध किती देते?"

"देत नाही. पिते. अर्धा लिटर."

"भाकड," असं पुटपुटत त्यांनी लिहिलं आणि शिक्का मारला. योगराजला बुंदीच्या वतीने अपमान वाटला, पण कागद मिळाला होता.

डॉक्टर सविता मॅडम मात्र जाणत्या निघाल्या. त्यांनी बुंदीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, पोट दाबलं आणि विचारलं, "हिला खायला काय?" योगराजने सांगितलं. मॅडमनी बॅटरी खाली ठेवली.

"मोठ्या मांजराला दूध धड पचत नाही, आणि पोळीतून त्याला हवं ते मिळत नाही. टॉरीन नावाचं एक द्रव्य असतं, ते मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की आधी डोळे जातात, मग हृदय. हिचे डोळे अजून ठीक आहेत. कोंबडीचं हृदय दे, थोडी कलेजी दे, थोडासा भात. हाडं देणार नसशील तर अंड्याच्या टरफलाची भुकटी घाल. कलेजी बेताने बरं का, जास्त झाली तर तोही त्रास."

"मॅडम, ही चार वर्षं दूध-पोळीवर आहे."

"शक्य नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुढची शेळी बोलावली.

घरी येताना योगराजच्या डोक्यात तेवढे दोनच शब्द घोळत होते. शक्य नाही. पण बुंदी तर क्रेटमध्ये बसलेली होती. म्हणजे एक तर शास्त्र चुकीचं, किंवा कुंदाबाई चुकीच्या, किंवा बुंदीच्या आयुष्यात एक अज्ञात घटक होता जो पंधरा दिवसांपूर्वी नाहीसा झाला. उंदीर? गल्लीत उंदीर होते तेवढेच होते, आणि बुंदी त्यांच्याशी सलोख्याने राहत असे. दिपमालाकाकू? त्या तर लसूणसुद्धा एकादशी पाहून खात. त्याने वहीत 'अज्ञात घटक' असा रकाना आखला. तो रिकामाच राहिला.

दरम्यान मांजर जगवणं भाग होतं. बाजारातलं पाकिटातलं मांजरखाद्य त्याने पाहिलं, किंमत वाचली आणि पाकीट दोन्ही हातांनी जागेवर ठेवलं. कोंबडीवाल्याकडे मात्र हृदय आणि कलेजी स्वस्त होती, आणि ऑम्लेटच्या गाडीवाला टरफलं फुकट द्यायला तयार झाला, फक्त "एवढी टरफलं कशाला?" याचं उत्तर त्याला रोज नवं हवं असे. पंचवीस रुपयांत प्रकरण बसत होतं.

राहिलं सातवं कलम. योगराजने करार काढून पहिल्या पानावरची 'सदर जागेची' चतुःसीमा वाचली. पूर्वेस : सार्वजनिक रस्ता. म्हणजे फाटकाच्या बाहेर पाऊल टाकलं की सदर जागा संपली. तिथे गटारावर एक फरशी होती. जेवण तिथे. शिजवणं प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेतले ज्येष्ठ सहकारी यादवदादा यांनी फारशी खळखळ केली नाही. "शेण, मळी, गांडूळ, सगळं आपण इथे उकळलंय," ते म्हणाले. "कोंबडीने काय पाप केलंय? भांडं तेवढं वेगळं ठेव."

शिजवलं की टॉरीन पाण्यात उतरतं, असं योगराजने वाचलं होतं, म्हणून त्याने ते पाणीही त्यातच आटवलं, सगळं ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवलं आणि दळून त्याची भुकटी केली. तपकिरी, रवाळ, जवळजवळ वास नसलेली. पिशवीत भरल्यावर ती भुकटी कशासारखी दिसत होती, हे सांगायला नकोच. त्या प्रयोगशाळेत तशा दीडशे पिशव्या होत्या.

आता प्रथिनं किती, हे कळायला हवं होतं. नत्र मोजायचं आणि सव्वासहाने गुणायचं, एवढं सोपं. पण नोंदणी केल्याशिवाय संगणक नमुना क्रमांक देत नसे. शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, पीक. नव्या शेतकऱ्यासाठी आधार कार्ड आणि सातबारा. बुंदीकडे दोन्ही नव्हतं. 'जुना शेतकरी' या पर्यायात मात्र नाव टाकलं की बाकीचं आपोआप भरलं जाई. योगराजला जे पहिलं जुनं नाव आठवलं ते त्याने टाकलं : रतिलालभाऊ, ज्यांनी गेल्या वर्षी माती तपासून घेतली होती. पीक : केळी. लिहिलं ते खोटं होतं, पण नमुना क्रमांक आला आणि विज्ञान पुढे सरकलं.

नत्र सात टक्के. प्रथिनं पावणेचव्वेचाळीस. मॅडमनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

त्या दिवसापासून रोज सातला योगराज फाटकाबाहेर उकिडवा बसून कोमट पाण्यात भुकटी कालवू लागला. बुंदी खात होती. वजन पुन्हा तीन किलो दोनशेकडे सरकू लागलं. एकच गोष्ट त्याला कळत नव्हती. ताटली चाटून झाली की ती तिथेच बसे आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत राही, जणू पंगतीत अजून काहीतरी वाढायचं राहिलंय.

तिसऱ्या दिवशी दिपमालाकाकूंनी ओट्यावरून विचारलं, "काय रे, माती चारतोस की काय तिला?"

"पूरक आहार आहे काकू."

काकूंनी सुरतेला फोन लावला. रात्रीच्या जेवणाच्या आत कुंदाबाईंचा फोन योगराजला आला. "माझ्या बुंदीला माती का घालतोस? पैसे पुरत नाहीत का? स्पष्ट सांग."

"अक्का, डॉक्टरांनी सांगितलंय. औषध आहे." यातला एकही शब्द खोटा नव्हता, तरी फोन ठेवल्यावर योगराजला आरशात बघवेना.

आणि शुक्रवारी, तो प्रयोगशाळेत असताना, रतिलालभाऊंचा फोन आला.

"योगराज, मले सांगितलंही नाही तू," ते म्हणाले. "गुपचूप माझी माती तपासून टाकली? आपल्या घरचा पोरगा असावा तर असा."

"कोणती माती, भाऊ?"

"रिपोर्ट आला ना मोबाईलवर. नत्र एक लाख छप्पन्न हजार आठशे किलो. हेक्टरी. अत्यंत जास्त, युरिया देऊ नये, असं लिहेल हाये. गावात कोणाच्या मातीत अडीचशेच्या वर नाही रे भाऊ. युरियाची पोती मी दुकानात परत पाठवली. रविवारी शेतात भरीत ठेवलंय. तूही ये. दोन शब्द सांग लोकायले."

योगराजने यादवदादांकडे पाहिलं. यादवदादांनी मान डोलावली. "मागच्याच आठवड्यात सोय केली मी. रिपोर्ट तयार झाला की थेट शेतकऱ्याच्या फोनवर. फार मागणी होती."

संगणकाने भुकटीतल्या टक्क्यांचे इमानदारीने हेक्टरी किलो केले होते. गणित अगदी बरोबर होतं, हे योगराजने तीनदा तपासलं. मग तो कागद घेऊन बसला. रतिलालभाऊंची पाच हजार केळीची झाडं, ऑक्टोबरात लावलेली. थंडीत ती आधीच गारठलेली असतात. त्यात खताचा हप्ता चुकला तर घड हलके भरतात, आणि ते नंतर कशाने भरून निघत नाही. गप्प बसलं तर केळी उपाशी. खरं सांगितलं तर सातवं कलम : खोली जाणार, आणि बुंदी पुन्हा दूध-पोळीवर. मग डोळे. नुसतं 'चूक झाली' म्हणावं तर ते खोटं, कारण नोकरी लागल्यापासून इतकं अचूक नत्र त्याने कधी काढलं नव्हतं.

रविवारी बुंदीला दिपमालाकाकूंच्या ओट्यावर सोडून तो बसने निघाला.

शेतात तीस-पस्तीस माणसं जमली होती. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जात होती, एका बाजूला कळण्याच्या पुऱ्या लाटणं चाललं होतं. बांधावर नारळ फोडलेला दिसत होता. स्टीलच्या ताटात मूठभर माती ठेवून तिला हळद-कुंकू वाहिलेलं होतं. पुना पाटील नावाचे शेजारचे शेतकरी त्या ताटाजवळ बसून घासाघीस करत होते.

"दोनच ट्रॉल्या माती दे म्हणतो मी. माझ्या विहिरीचं पाणी घे बदल्यात."

"विचार करू," रतिलालभाऊ म्हणाले. गेल्या तीस वर्षांत पुना पाटलांनी त्यांच्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ असावी, असं त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

योगराज त्यांना ठिबकच्या फिल्टरमागे घेऊन गेला आणि एका दमात सगळं सांगितलं. वजनं, दवाखाना, टॉरीन, ओव्हन, जुना शेतकरी. "ती माती नव्हती भाऊ. बुंदीचं जेवण होतं. कोंबडीचं. घरात आणलं नाही, रस्त्यावरच दिलं, पण दिलं. खोली सोडायला सांगा, सोडतो. फक्त युरिया आजच्या आज परत मागवा आणि तिला पुन्हा दूध-पोळीवर ठेवू नका."

रतिलालभाऊंनी फिल्टरची नळी उगाच घट्ट केली. वांग्याच्या धुराने असेल, त्यांनी डोळे चोळले.

"कोंबडीचं म्हणजे काय काय?" त्यांनी विचारलं.

"हृदय. थोडी कलेजी."

"आणि मान?"

"मान नाही."

"मग कशी धरीन ती अंग?" रतिलालभाऊ तावातावाने म्हणाले. "तिले शेवटी मानेचा तुकडा लागतो चावायले. तो नाही मिळाला तर जेवण झालं असं ती मानतच नाही, रस्त्याकडे पाहत बसते—"

आणि ते थांबले.

योगराजला आधी आनंद झाला. हे सांगायला हवं, कारण तो आनंद खोलीचा नव्हता. चार वर्षांचा प्रश्न सुटल्याचा होता. शास्त्र बरोबर होतं. सविता मॅडम बरोबर होत्या. अज्ञात घटक साडेपाच फूट उंच होता आणि समोर उभा राहून कान खाजवत होता.

"बुधवार आणि रविवार," रतिलालभाऊ हळूच म्हणाले. "मेहरूण तलावाच्या पाळीवर. ती मागे मागे येते. लहान होती तेव्हा दूध-पोळी खाऊन पार वाळली होती रे. मले पाहवलं नाही."

"अक्कांना सांगितलं नाही?"

"तिच्या गळ्यात माळ हाये. तिच्या जिवाले लागलं असतं. ते सातवं कलमही मीच लिहिलं, तिले बरं वाटावं म्हणून." मग त्यांनी भरिताकडे, माणसांकडे, ताटातल्या मातीकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे उतरले. "या पुनाले काय सांगू आता?"

"मी सांगतो."

योगराज लोकांसमोर उभा राहिला. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. "नमस्कार. तो रिपोर्ट बरोबर आहे," तो म्हणाला. "पण तो नमुना या शेतातला नव्हता. नोंदणीत नाव चुकलं. चूक माझी. भाऊंनी युरिया ठरल्याप्रमाणे द्यावा."

रतिलालभाऊंनी ते ताट उचलून केळीच्या बुंध्याशी रिकामं केलं. पुना पाटलांनी सुटकेचा निःश्वास टाकला, ट्रॉल्यांची गोष्ट मनातून काढून टाकली आणि विचारलं, "एवढं शिकून नावं चुकतात का साहेब?"

योगराजने मान खाली घातली. तीस माणसांनी त्याच्या एम.एस्सी.कडे पाहून घेतलं.

"बरं, मग ती माती कोणाची?" पुना पाटलांनी पुढे विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

"पण आहे ना अशी माती? याच भागात?"

"नमुना जळगावातला होता," योगराज म्हणाला. यापेक्षा जास्त त्याला सांगता येईना, आणि यापेक्षा कमी सांगणं प्रामाणिकपणात बसेना.

जळगाव म्हणजे जिल्हा, असं समजून लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्या एका गावातून प्रयोगशाळेत त्रेचाळीस नमुने आले. नाव चुकलंय म्हटल्यावर प्रत्येकाला वाटत होतं की ती माती आपलीच. यादवदादांनी योगराजच्या कंत्राटाला वर्षभराची मुदतवाढ द्यावी, अशी शिफारस केली.

फेब्रुवारीत कुंदाबाई सुरतेहून आल्या आणि रतिलालभाऊही शेतावरून परतले. बुंदी तीन किलो सहाशे ग्रॅम होती. अंगावर चकाकी, ठिपके पुन्हा लांब लांब गेलेले. कुंदाबाईंनी तिला उचलून दिव्याखाली पाहिलं आणि समोरच्या ओट्याकडे वळून म्हणाल्या, "बघा दिपमालाताई. माती खाऊ घालतोय म्हणत होतात. दूध-पोळी वेळेवर मिळाली की असं होतं. योगराज, तू शास्त्रातला माणूस, सांग यांना."

योगराजने रतिलालभाऊंकडे पाहिलं. रतिलालभाऊ चपला शोधत होते.

"वेळेचा फार फरक पडतो, अक्का," योगराज म्हणाला. हेही खरं होतं.

"मी जरा तलावाकडे फिरून येतो," रतिलालभाऊ म्हणाले. रविवार होता. बुंदी कुंदाबाईंच्या हातून उतरली आणि त्यांच्या मागे चालू लागली. योगराजही वही घेऊन निघाला.

पाळीवर पोचल्यावर भाऊंनी सदऱ्याखालून पिशवी काढली. योगराजने सवयीने ती हातात घेऊन तोलली. पाऊण किलोच्या आसपास. बुंदीने हृदय खाल्लं, कलेजी खाल्ली, मानेचा तुकडा कडाकडा चावला आणि मग रस्त्याकडे न बघता पाय चाटत बसली. एकूण शंभर ग्रॅम.

रतिलालभाऊंनी पिशवीची गाठ पुन्हा नीट मारली आणि पाळीपलीकडच्या हातगाडीकडे पाहिलं, जिथे कोणीतरी तव्यावर कांदा परतत होतं. उरलेल्या साडेसहाशे ग्रॅमचं काय होतं, हे शोधायला योगराजला दहा मिनिटं पुरली असती. त्याने वही मिटली आणि खिशात घातली.

"चल," रतिलालभाऊ म्हणाले. "इथे तुझं ते सातवं कलम लागत नाही."